कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे डेटा गेला असं नाही: बिघडलेलं ड्युअल बूट दुरुस्त करताना

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले काही 'म्हणजे' आणि 'तर' काढलेत, बाकी जवळजवळ जसंच्या तसं आहे.)



ज्यांच्या घरी एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, त्यांच्यासाठी आजचा भाग आहे. आणि ज्यांच्या घरी अजून नाही पण मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला गेलीय, त्यांनीही ऐका. तुमच्याकडेही ते लवकरच येणार आहे.

मागच्या महिन्यात १८ तारखेला संध्याकाळी कराडहून ताईचा फोन आला. म्हणाली, "अरे, कॉम्प्युटर गेला. काळी स्क्रीन आलीय आणि वर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, सगळी डिस्क साफ करून विंडोज टाकतो. ह्यांचं जीएसटीचं सगळं त्यातच आहे रे."

दाजींचा पाइप-फिटिंगचा धंदा आहे. टॅलीचा डेटा डी ड्राईव्हवर. स्कॅन केलेली खरेदीची बिलं डेस्कटॉपवर. बॅकअप शेवटचा कधी घेतला? चार महिन्यांपूर्वी. आणि २० तारीख ही थ्री-बी रिटर्न भरायची शेवटची तारीख. म्हणजे हातात दोन दिवस.

मी विचारलं, "दुरुस्तीवाल्यानं अजून काही केलं नाही ना?"

"नाही, उद्या सकाळी येतो म्हणालाय."

म्हटलं, "मग त्याला सांग, घाई नको. आणि तोपर्यंत कुणीही कशालाही हात लावू नका. स्क्रीनचा फोटो काढून पाठव."

फोटो आला. वर लिहिलं होतं 'जीएनयू ग्रब', त्याखाली दोन-तीन ओळी, आणि सगळ्यात खाली 'ग्रब' असा शब्द, पुढे बाणासारखी खूण आणि लुकलुकणारा कर्सर. मी ताईला म्हटलं, "चांगली बातमी आहे." ती चिडली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

पण ती खरंच चांगली बातमी होती. का, ते आधी सांगतो, कारण आजच्या भागातला मुद्दा हाच आहे. बाकी सगळं तपशिलाचं काम आहे.

आपण बटण दाबतो आणि विंडोज उघडतं, याच्या मधे चार टप्पे असतात. पहिला टप्पा मदरबोर्डवरचं फर्मवेअर. जुन्या लोकांच्या तोंडात बायोस, आताच्या मशीनमध्ये यूईएफआय. दुसरा टप्पा, फर्मवेअर स्वतःच्या स्मृतीतली एक यादी बघतं: कुणाला आधी उठवायचं, कुणाला नंतर. त्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' असतं, 'उबुंटू' असतं. तिसरा टप्पा, डिस्कवरचं एक छोटंसं पार्टिशन, त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात. विंडोज ते स्वतः बनवतं तेव्हा बहुतेक वेळा ते १०० एमबीचं असतं. त्यात विंडोजचा एक फोल्डर, उबुंटूचा एक फोल्डर, आणि प्रत्येकात आपापली सुरुवात करून देणारी फाइल. उबुंटूची ती फाइल म्हणजे ग्रब, जी आपल्याला 'कुठे जायचं, लिनक्स की विंडोज' असं विचारते. आणि चौथा टप्पा म्हणजे खरी सिस्टिम, तुमच्या फाइल्स, तुमचा टॅली, तुमचे फोटो.

आता बघा. 'कॉम्प्युटर सुरू होत नाही' असं आपण एका वाक्यात म्हणतो, पण बिघाड या चारपैकी कुठल्याही टप्प्यावर असू शकतो. आणि ड्युअल बूट बिघडतं तेव्हा तो बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या टप्प्यावर असतो. वाट दाखवणारी पाटी पडलेली असते, गाव जागेवर असतं. पाटी पडली म्हणून कुणी गाव पाडत नाही. फॉरमॅट म्हणजे गाव पाडणं.

ताईच्या स्क्रीनवर ग्रबचं नाव दिसत होतं. म्हणजे फर्मवेअर चालू, यादी चालू, छोटं पार्टिशन वाचता येतंय, डिस्क जिवंत आहे. ग्रब उठलाय, पण त्याला पुढचं काही सापडत नाहीये. तो वाट बघत उभा आहे. याच्यात विंडोज गेल्याचा काहीही पुरावा नाही.

मग तिला म्हटलं, "कॉम्प्युटर बंद कर. आता चालू करताना एफ१२ हे बटण दाबत राहा, सोडू नकोस."

हे बटण कंपनीप्रमाणे बदलतं हं. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मशीनवर एफ१२, एचपीवर एफ९, असेंबल केलेल्या पीसीमध्ये मदरबोर्डप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२. लोगो येतो तेव्हा खाली बारीक अक्षरात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. हा 'बूट मेनू'. तो त्या एका वेळेपुरता असतो, काहीही कायमचं बदलत नाही. म्हणून तो सगळ्यात आधी बघायचा.

तिसऱ्या प्रयत्नात मेनू आला. ताईनं वाचून दाखवलं: "उबुंटू, विंडोज बूट मॅनेजर, आणि पुढे डिस्कचं काहीतरी नाव आहे." म्हटलं, विंडोज बूट मॅनेजरवर जा आणि एंटर दाब.

विंडोज उघडलं.

फोनवर दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग लांबून दाजींचा आवाज, "अगं, टॅली उघडतंय का बघ आधी!" टॅली उघडलं.

इथे कुणी म्हणेल, झालं की मग. नाही, आता खरं काम सुरू होतं. विंडोज एकदा उघडलं म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. पण आता आपल्याला वेळ मिळाला. त्या वेळात पहिलं काम एकच: टॅलीचा फोल्डर आणि डेस्कटॉपवरची बिलं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. बरेच जण म्हणतात, "सी फॉरमॅट झाला तरी डी राहतो ना." हो, पण डेस्कटॉप हा सी ड्राईव्हवर असतो. डाउनलोड, डॉक्युमेंट्स, सगळं सीवर. आणि 'सगळी डिस्क साफ करतो' म्हणणारा डीही ठेवत नाही.

कॉपी चालू असताना मी म्हटलं, "आता भाच्याला फोन दे."

भाचा सेकंड इयरला आहे. त्याला विचारलं, "काय केलंस?" तो म्हणाला, "मामा, मी फक्त डिलीट केलं. फॉरमॅट नाही केलं."

मंडळी, हे वाक्य त्यानं घाबरून, स्वतःचा बचाव म्हणून उच्चारलं. पण तांत्रिकदृष्ट्या तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

झालं होतं असं. सी ड्राईव्ह १०० जीबीचा आणि तो लाल झाला होता. जागा हवी म्हणून भाच्यानं विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे त्याला ८० जीबीचा एक तुकडा दिसला. त्याला अक्षर नाही, नाव नाही, फाइल सिस्टिम लिहिलेली नाही. त्याला वाटलं हा रिकामा पडलाय. 'डिलीट व्हॉल्यूम' केलं. मग सी वाढवायला गेला तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुसट, दाबताच येईना. म्हणून वैतागून रिस्टार्ट केलं. आणि काळी स्क्रीन.

तो ८० जीबीचा बेवारस तुकडा म्हणजे त्याचंच उबुंटू होतं. विंडोजला लिनक्सची एक्स्ट-फोर ही फाइल सिस्टिम ओळखता येत नाही, म्हणून ते पार्टिशन निनावी दिसतं. कधीकधी तर विंडोज अशा पार्टिशनला अक्षर देऊन 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असंही सुचवतं. तिथे कॅन्सल म्हणायचं, नेहमी.

आणि एक्स्टेंड का झालं नाही? कारण ते आपल्याला लगेच शेजारी उजवीकडे लागून असलेली मोकळी जागाच घेऊ देतं. इथे सी आणि मोकळ्या जागेच्या मधे डी ड्राईव्ह उभा होता. ज्या गोष्टीचा त्याला राग आला होता, तिनंच त्याचं वर्षभराचं काम वाचवलं. कारण त्या उबुंटूमध्ये त्याचा प्रोजेक्ट होता आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

आता डिलीट आणि फॉरमॅटमधला फरक बघू. आपल्याकडे शेतजमिनीचा सातबारा असतो. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. कुठून कुठपर्यंत कुणाचं, एवढंच त्यात लिहिलेलं. पार्टिशन डिलीट केलं म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद खोडली. शेत जागेवर आहे, उभं पीकही जागेवर आहे. फक्त कागदावर ते पडीक दिसतं. पण कागदावर पडीक दिसलं म्हणून तिथे कुणी नांगर घातला, नवीन पेरणी केली, की मग संपलं. सी तिथपर्यंत वाढवला असता किंवा नवं व्हॉल्यूम बनवून फॉरमॅट केलं असतं, तर ती पेरणी झाली असती.

एसएसडी असेल तर आणखी जपायचं. एसएसडीवर फॉरमॅट करताना विंडोज डिस्कला कळवतं की ही सगळी जागा आता मोकळी समज. त्याला ट्रिम म्हणतात. मग 'क्विक फॉरमॅट'सुद्धा क्विक राहत नाही, आतला डेटा परत मिळायची आशा जवळजवळ संपते. ताईकडे १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, आणि नुसतं डिलीट झालं होतं. म्हणून मी भाच्याला एवढंच सांगितलं: "त्या मोकळ्या जागेला रविवारपर्यंत हात लावायचा नाही. तोपर्यंत रोज एफ१२ दाबून विंडोज उघडा, रिटर्न भरा."

रिटर्न १९ तारखेला भरलं गेलं. रविवारी मी कराडला गेलो.

आता दुरुस्ती. सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट, लाइव्ह पेन ड्राईव्ह. उबुंटूची आयएसओ फाइल आजकाल जवळजवळ ६ जीबीची असते, म्हणून पेन ड्राईव्ह किमान ८ जीबीचा घ्या. विंडोजमध्ये रूफस नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यानं तो तयार होतो. पेन ड्राईव्हवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं, ते आधी काढून ठेवा. आयएसओ डाउनलोड करताना ती डी ड्राईव्हवरच केली. डी हे वेगळं पार्टिशन, त्यामुळे मोकळ्या दिसणाऱ्या जागेत काहीही लिहिलं जात नाही.

दुसरी गोष्ट, पेन ड्राईव्हवरून सुरू करताना बूट मेनूमध्ये तोच पेन ड्राईव्ह कधीकधी दोनदा दिसतो. एकदा नुसता, एकदा 'यूईएफआय' शब्दासह. यूईएफआयवाला निवडा, जर तुमचं विंडोज तसं बसवलेलं असेल तर. २०१३-१४ नंतरच्या बहुतेक तयार मशीनवर ते तसंच असतं. दोन्हींची सरमिसळ झाली की ग्रब बसवलेला दिसतो पण फर्मवेअरला तो सापडत नाही. अर्धा दिवस इथेच वाया गेलेले लोक मला माहीत आहेत. त्यात मीही एक.

तिसरी गोष्ट, उबुंटू विचारेल 'ट्राय' की 'इन्स्टॉल'. ट्राय. इन्स्टॉलवर चुकूनही बोट जाऊ देऊ नका.

मग टर्मिनल उघडून आधी आहे त्या पार्टिशन टेबलची प्रत घेतली. एसजीडिस्क नावाची कमांड आहे, तिचा 'बॅकअप' पर्याय. काही केबीची फाइल होते. ती दुसऱ्या पेन ड्राईव्हवर ठेवली, कारण लाइव्ह सिस्टिम बंद केली की त्यातलं सगळं जातं. हे कशासाठी? मी चुकलो तर निदान आत्ताच्या स्थितीला परत येता यावं म्हणून. आत्ता विंडोज चालतंय, हे विसरायचं नाही. दुरुस्तीच्या नादात चालणारी गोष्ट बंद पाडणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे.

आता टेस्टडिस्क. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला हा प्रोग्राम आहे, मुक्त सॉफ्टवेअर, एक पैसा लागत नाही. दिसायला अगदी साधा, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, माऊस चालत नाही. लाइव्ह उबुंटूमध्ये इंटरनेट जोडून 'सुडो एपीटी इन्स्टॉल टेस्टडिस्क' म्हटलं की येतो. तो उघडून आपली डिस्क निवडायची. आकार बघून निवडा, नाहीतर पेन ड्राईव्हच निवडाल. टेबलाचा प्रकार तो बहुतेक वेळा स्वतःच ओळखतो, आमच्याकडे जीपीटी. मग 'अ‍ॅनलाइज', मग 'क्विक सर्च'. तो डिस्कवर फिरून पार्टिशनच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. म्हणजे सातबारा न बघता शेतात जाऊन बांध शोधतो, असं म्हणा.

यादी आली. सी दिसलं, डी दिसलं, आणि खाली लिनक्सची दोन पार्टिशन दिसली. एक ६० जीबीचं, एक ८० जीबीचं, आणि दोन्ही एकमेकांवर चढलेली.

भाच्याकडे बघितलं. म्हणाला, "हां मामा, आधी एकदा इन्स्टॉल केलं होतं, ते नीट झालं नाही म्हणून परत केलं."

म्हणजे एक जुनं भूत आणि एक खरं. दोन्ही निवडली तर टेस्टडिस्क वर 'स्ट्रक्चर बॅड' असं दाखवतो, कारण एकाच जमिनीवर दोन मालक. अशा वेळी अंदाज करायचा नाही. टेस्टडिस्कमध्ये त्या ओळीवर जाऊन पी दाबलं की त्या पार्टिशनमधल्या फाइल्सची यादी दिसते. काही लिहिलं जात नाही, नुसतं बघायचं. ६० जीबीवालं उघडेचना. ८० जीबीवाल्यात 'होम', त्यात भाच्याचं नाव, त्यात प्रोजेक्टचा फोल्डर. पोरगा खुर्चीत सरळ झाला.

मग फक्त ८० जीबीवालं 'डिलीटेड'वरून बाणाच्या बटणानं बदललं. पुन्हा सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली: छोटं ईएफआय पार्टिशन आहे? सी आहे? डी आहे? कुठलंही 'डिलीटेड' म्हणून राहिलं नाही ना? हे नीट बघा मंडळी, कारण या यादीत जे नाही ते 'राइट' केल्यावर टेबलातही राहत नाही. वर 'स्ट्रक्चर ओके' आलं. आणि मग 'राइट', वाय, रिस्टार्ट.

ग्रबचा मेनू आला. उबुंटू, विंडोज, दोन्ही.

ग्रब पुन्हा बसवावा लागला नाही, हे लक्षात घ्या. कारण ग्रब त्या छोट्या पार्टिशनमध्ये कायम होताच. तो लिनक्सचं पार्टिशन शोधतो ते यूयूआयडी नावाच्या ओळखक्रमांकावरून, आणि तो क्रमांक फाइल सिस्टिमच्या आत लिहिलेला असतो. नोंद परत आली, क्रमांक जुनाच, ग्रबला सापडलं. बिघाड नेमका कुठे आहे हे कळलं की दुरुस्ती किती छोटी असते, त्याचं हे उदाहरण.

अर्थात सगळ्यांचा बिघाड हाच नसेल. बाकीचे नेहमीचे प्रकार भराभर सांगतो. प्रत्येकात प्रश्न तोच: चारपैकी कुठला टप्पा?

एक. ग्रबचा मेनू येतच नाही, थेट विंडोज उघडतं. विंडोज नव्यानं टाकल्यावर, मोठ्या अपडेटनंतर किंवा फर्मवेअरची सेटिंग मूळपदावर गेल्यावर हे होतं. इथे फक्त यादीतला क्रम बदललाय. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जा, बूट ऑर्डरमध्ये 'उबुंटू' वर आणा. संपलं. 'उबुंटू' हे नावच यादीत नसेल, तर मात्र लाइव्ह पेन ड्राईव्हवरून ग्रब परत बसवावा लागतो. त्यासाठी 'बूट रिपेअर' नावाचं साधन आहे. हातानं करायचं तर लिनक्सचं पार्टिशन आणि ईएफआय पार्टिशन माउंट करून, सीएच-रूटनं आत जाऊन, 'ग्रब इन्स्टॉल' आणि 'अपडेट ग्रब'.

दोन. ग्रब येतो, लिनक्स उघडतं, पण मेनूत विंडोजचं नाव नाही. लोक इथे विंडोज उडालं समजतात. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा 'ओएस प्रोबर' सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलाय. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' ही ओळ 'फॉल्स' करा, 'अपडेट ग्रब' चालवा. विंडोज परत यादीत येतं.

तीन. लिनक्स चालतं, पण विंडोज निवडलं तर विंडोजच सुरू होत नाही. मग विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राईव्हवरून 'रिपेअर'मध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. डिस्कपार्टनं ईएफआय पार्टिशनला एखादं अक्षर द्यायचं आणि बीसीडीबूट ही कमांड वापरून विंडोजच्या बूट फाइल्स तिथे पुन्हा लिहायच्या. सगळीकडे 'फिक्स एमबीआर' चालवा असा सल्ला मिळतो. तो जुन्या बायोसच्या मशीनसाठी आहे. तिथे डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बूटचा कोड असायचा. यूईएफआयवर त्या सल्ल्यानं काही सुधारत नाही.

चार. हा प्रकार सार्वजनिक आहे, बऱ्याच जणांना एकदम बसला. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या सुरक्षा अपडेटनं ग्रबच्या जुन्या, धोक्याच्या आवृत्त्या सिक्युअर बूटमध्ये चालू नयेत अशी तजवीज केली. ड्युअल बूट असलेल्या मशीनना ती लागू होणार नाही असं सांगितलं होतं, पण अनेकांना झाली. लिनक्स निवडलं की 'एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असे शब्द आणि मशीन बंद. उपाय असा: फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट तात्पुरता बंद, लिनक्समध्ये शिरून मॉक-यूटिल या कमांडनं एसबॅटचं धोरण 'डिलीट' करायचं, लिनक्स अपडेट करायचं, सिक्युअर बूट पुन्हा चालू.

पण थांबा. सिक्युअर बूटला हात लावण्याआधी एक गोष्ट बघा, आणि ही आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची सूचना समजा. तुमच्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का? बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते न विचारता चालू झालेलं असतं. ते चालू असताना सिक्युअर बूट बदललं की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की नसेल, तर तिथे मात्र खरंच गाव गेलं. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच, सगळं सुरळीत चालू असताना, ती बघून कागदावर लिहून कपाटात ठेवा.

पाच. हा बिघाड नाहीच, पण विचारतात सगळे. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपला फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं.

शेवटी आम्ही त्या रविवारी कराडमध्ये चार गोष्टी करून ठेवल्या, त्या तुम्हीही करा. डिस्क मॅनेजमेंटचा फोटो काढून, प्रिंट घेऊन त्यावर पेनानं लिहिलं: हे विंडोज, हा डेटा, हे उबुंटू, हात लावू नका. लाइव्ह पेन ड्राईव्ह कायमचा ड्रॉवरमध्ये ठेवला. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं, कारण ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राईव्हवर लिहिणं धोक्याचं होतं. आणि दाजींनी दर शनिवारी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा, ही जबाबदारी भाच्यावर टाकली. शिक्षा म्हणून नाही. त्या घरात 'डिलीट केलं' आणि 'फॉरमॅट केलं' यातला फरक आता त्याच्याइतका कुणालाच कळत नाही.

दुरुस्तीवाल्याबद्दलही बोललं पाहिजे. तो फसवत नव्हता. फॉरमॅट करून विंडोज टाकायला त्याला तासभर लागतो आणि त्याचे पैसे ठरलेले आहेत. बिघाड शोधायला तीन तास लागले तर त्या तीन तासांचे पैसे आपण देत नाही, "काही केलंच नाहीस" असं म्हणतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी 'फॉरमॅट' म्हणालं तर भांडू नका. एवढंच विचारा: "बूट मेनूमधून विंडोज उघडतं का बघितलंत? लाइव्ह पेन ड्राईव्हवरून माझ्या फाइल्स दिसतात का? मी शोधायचे पैसे देतो." बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

रात्री निघताना ताई म्हणाली, "तू फोनवर चांगली बातमी म्हणालास तेव्हा मला वाटलं, याला कशाचंच गांभीर्य नाही."

म्हटलं, "ताई, स्क्रीनवर काहीच दिसत नसतं ना, तर मी पण घाबरलो असतो."

तर मंडळी, तुमच्या स्क्रीनवर काहीतरी दिसतंय ना? मग आधी ते वाचा, फोटो काढा, आणि कुणालाही काही लिहू देऊ नका. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत बॅकअप घ्या. नमस्कार.